आंग्रे-सावंतांचा इतिहास शोधायचाय? आधी मोडी शीक

नेहमीच्या पुस्तकांत कोकणातले आंग्रे, सावंतवाडीकर किंवा जंजिऱ्याचे सिद्दी यांना जेमतेम परिच्छेद मिळतो. म्हणून आधी मोडी (जुन्या मराठी कागदांची लिपी) शीक, नाहीतर पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर (पेशव्यांच्या कारभाराचे कागद) तुझ्यासाठी बंदच. कागदावर शुहूर सन (मराठेशाहीतली, मृग नक्षत्राला सुरू होणारी कालगणना) दिसला, की इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळव, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. इथेच भलेभले वर्षभराने चुकतात.

रत्नागिरीतला थिबा राजवाडाही बघ. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला इथे नजरकैदेत ठेवलं, १९१६ साली तो इथेच वारला. जुन्या खोतांच्या (गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांच्या) घरी सनदा, म्हणजे हक्कांची सरकारी पत्रं, निघतात. फोटो काढ, मूळ कागद मागू नकोस, जमिनीचा वाद उकरायला आलास असं वाटतं त्यांना (आणि कधीकधी खरंच कोणीतरी आलेलं असतं!).