कार्ड काढा, पण आईला सांगून

तुम्ही लिहिलंय की अवयवदानाची नोंदणी करायची आहे, पण आई नको म्हणते. काढलेला अवयव पुढच्या जन्मी मिळत नाही, असं तिचं म्हणणं. त्यात मित्राने डोक्यात भरवलंय की असं कार्ड खिशात असलं की डॉक्टर वाचवायचे प्रयत्नच सोडतात. मग करावी की नाही?

करा. पण आमच्याकडे दोनदा काय झालं ते आधी सांगते.

२०१३ मध्ये माझे वडील पहाटे घरीच गेले, झोपेत. दहावा उरकून आल्यावर भाऊ बँकेचं पासबुक शोधत होता, तर त्याच प्लास्टिकच्या पाकिटात नेत्रदानाचं कार्ड निघालं. नऊ वर्षांपूर्वी भरलेलं. साक्षीदार म्हणून त्यांच्या दोन मित्रांच्या सह्या; घरातल्या कुणाचीच नाही. नेत्रदान घरी झालेल्या मृत्यूनंतरही होतं, नेत्रपेढीची माणसं घरी येतात, फक्त सहा तासांच्या आत. आमच्याकडे ते सहा तास पाहुण्यांना फोन करण्यात गेले. आई कार्ड हातात घेऊन एवढंच म्हणाली, "मला सांगायला काय झालं होतं?"

सासरी परत आल्यावर जेवताना मी हे सांगितलं. धाकटे दीर ताटावरून मान वर न करता म्हणाले, "माझं काही झालं तर सगळं देऊन टाका. पण आईला आधी विचारा, नाहीतर ती तुम्हाला आयुष्यभर सोडणार नाही." सगळे हसलो. सासूबाई रागावल्या, भरल्या ताटावर काय बोलतोस म्हणून.

चार वर्षांनी त्यांचा दुचाकीचा अपघात झाला. हेल्मेट गाडीच्या हँडलला अडकवलेलं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ब्रेन डेड, म्हणजे मेंदूमृत, हा शब्द उच्चारला.

मित्राच्या शंकेचं उत्तर इथेच आहे. मेंदूमृत्यू एक डॉक्टर ठरवत नाही. चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तास जावे लागतात, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतलं कुणी त्या मंडळात चालत नाही. हे सगळं १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत आहे. एका तपासणीत व्हेंटिलेटर काढून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि माणूस स्वतःहून एक तरी श्वास घेतो का ते बघतात. कोमातला माणूस बहुधा श्वास घेतो, मेंदूमृत घेत नाही. यजमानांना आत उभं राहू दिलं होतं. ती आठ-दहा मिनिटं ते भावाच्या छातीकडे बघत होते. बाहेर आले आणि म्हणाले, "नाही घेतला." त्यानंतर आमच्या घरात कुणी "अजून आशा असेल" म्हटलं नाही. आणि अवयव कुणाला जाणार हे तुमच्यावर उपचार करणारा डॉक्टर ठरवत नाही. आपल्याकडे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत. त्यांच्याकडच्या प्रतीक्षायादीप्रमाणे ते ठरतं.

हॉस्पिटलात सगळं छान झालं असंही नाही. एक तरुण डॉक्टर कॉरिडॉरमध्येच उभ्या उभ्या "हार्वेस्टिंग" म्हणाला. त्याचा अर्थ कापणी, हे कळल्यावर जाऊबाई म्हणाली, "पीक आहे का ते?" नंतर समन्वयक बाई आल्या, आम्हाला एका खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि गप्प बसल्या. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा आम्हाला फार उपयोग झाला.

कागदोपत्री संमती पत्नीची, म्हणजे जाऊबाईची. पण ती म्हणाली, आई हो म्हणाल्याशिवाय मी सही करणार नाही. मग मी शहाणपणा केला, सासूबाईंना दधीची ऋषींची गोष्ट सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "दधीचीच्या आईला कुणी विचारलं होतं का?" तुम्हीही ती गोष्ट सांगू नका. पुढच्या जन्माचा वादही घालू नका. वादात आई हरली तरी हो म्हणत नाही. आमच्या सासूबाई बराच वेळ खिडकीकडे बघत बसल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, "तो जेवताना बोलला होता. मला विचारा म्हणाला होता. विचारलंत ना? मग द्या."

दिरांच्या खिशात कार्ड नव्हतं. त्यांचं ते एक वाक्य होतं. वडिलांकडे कार्ड होतं आणि वाक्य नव्हतं. कार्ड असलं तरी शेवटी घरच्यांनाच विचारतात. स्पेनमध्ये १९७९ पासून कायदा असा आहे की हयातीत नकार दिला नसेल तर संमती धरावी, तरी तिथेही घरच्यांना विचारतातच. म्हणून कार्ड काढलं आणि कपाटात ठेवलं, एवढ्याने काही होत नाही.

दोन मूत्रपिंडं, यकृत आणि डोळे गेले. हृदय घेण्यासारखं राहिलं नव्हतं. अपघाताची केस, त्यामुळे पोलिसांची परवानगी, शवविच्छेदन. सही संध्याकाळी झाली, देह मिळाला दुसऱ्या दिवशी दुपारी. तेवढा वेळ नातेवाईक फाटकाबाहेर ताटकळले आणि बोलायचं ते बोलले. हे आधी माहीत असलेलं बरं. संमतीनंतरचा दानाचा खर्च आमच्यावर पडला नाही. चेहरा जसाच्या तसा होता. अंघोळ, खांदा, अग्नी, सगळं नेहमीसारखं झालं. अवयव कुणाला मिळाले ते सांगत नाहीत, आम्हीही विचारलं नाही. दान केल्याने दुःख हलकं होतं, असं लिहिलेलं मी बरंच वाचलंय. आमचं झालं नाही.

मग नोंदणी कशाला, तर याच्यासाठी. देशात मृत्यूनंतर अवयव देणारे वर्षाला हजार-अकराशे, म्हणजे दहा लाख लोकांमागे एकही नाही. पाचांतली चार प्रत्यारोपणं जिवंत माणसांच्या अवयवांवर होतात आणि ते देणाऱ्यांत बायकाच जास्त. आमच्या सोसायटीत एकीने नवऱ्याला मूत्रपिंड दिलं, एकीने मुलाला. त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण घरात सगळ्यांची नजर आधी कुणाकडे गेली, ते मी बघितलंय.

नोंदणी सोपी आहे. नोटो, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, कोणते अवयव द्यायचे त्यावर खूण करायची. वय अठराच्या वर हवं. मत बदललं तर रद्द करता येते. अडलं तर १८०० ११ ४७७० हा निःशुल्क क्रमांक आहे. देहदान वेगळं, ते वैद्यकीय महाविद्यालयाला असतं. नेत्रदान करून देहदान करता येतं, पण बाकीचे अवयव काढलेला देह महाविद्यालयं सहसा घेत नाहीत.

हे सगळं आईशेजारी बसून भरा. तपशिलात आणीबाणीचा संपर्क विचारतात, तिथे तिचाच नंबर घाला.

सासूबाई आता ७८ वर्षांच्या आहेत. मागे त्यांनी विचारलं, "माझं काय घेतील आता?" म्हटलं, डोळे घेतील, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी चालतं. गेल्यावर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, एवढंच आपलं काम. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. नेत्रपेढीचा नंबर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आहे, दुधाच्या हिशोबाशेजारी. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की तो त्या स्वतःच्या हाताने उतरवून घेतात.