आलेखाचा कागद पेटीतच राहू दे

प्रश्न : मावशी, मी पैठणची. अकरा वर्षं पैठणी विणते, आलेखावर नक्षीही काढते. दिवाळीपासून नवं काही सुचेना. मोर काढला की तोच जुना मोर! मालक नवा पदर मागतायत. झोप-भूक ठीक आहे, मनच लागत नाही. चार दिवस माहेरी जावं, जाता जाता अजिंठ्यात काही सापडतंय का बघावं, असं वाटतं. सासूबाई म्हणतात, माग बंद ठेवून भागायचं कसं?

उत्तर : लेकी, जा. झोप-भूक उडाली असती तर आधी डॉक्टरकडे धाडलं असतं तुला.

अजिंठ्याचं वाचून मात्र हसू आलं. तिथली कमळं पैठणीवर कधीच उतरलीत. वही घेऊन लेण्यांत शिरलीस तर ती सुट्टी कसली, ड्युटीच! जायचंच तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी बंद असतं. फर्दापूरकडून बसनं वर जा नि हात हलवत परत ये.

गेल्या पौषात माझंही अडलं होतं. एका पत्राचं उत्तर पाचदा खोडलं, शेवटी भावाच्या शेतावर गेले. हुरडा चालू होता. आगटीतलं कणीस काढायचं, हात पोळत असतानाच तळव्यावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. दोन दिवस मी नुसती चिडचिड केली, भावजयीला विचार! तिसऱ्या दिवशी कोंडा फुंकताना पहिलं वाक्य आपसूक आलं. म्हणून म्हणते, चार दिवस पुरायचे नाहीत, आठ घे. आणि माहेरी पाहुणी होऊन बसू नकोस, हाताला काहीतरी काम ठेव.

सासूबाईंचंही चूक नाही, साडी उतरल्याशिवाय पैसा कुठला? तेव्हा मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपेपर्यंत पाठ असलेलंच विण : बांगडी मोर, नारळी काठ. नवा ताणा जोडेपर्यंत माग तसाही थांबतो, तेव्हा निघ. मालकांना ‘बघते’ म्हणू नकोस, नव्या पदराची तारीख सांग. मोबाइलवर दुसऱ्यांच्या साड्या बघणं तेवढं आजपासूनच बंद.

परतल्यावर पहिल्या दिवशी मोराला हात लावू नकोस. एखादा पोपट काढ, वाकडा आला तरी चालेल. मालकांना दाखवायचा नाही. मला पाठव.