तिसऱ्यांदा केलेली बेरीज

प्रश्न : मी हिशेब तपासनीस आहे. कुठलीही बेरीज तीनदा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. लहानपणी एक बेरीज चुकली म्हणून वडिलांनी माझी वही भिरकावली, तेव्हापासूनची ही सवय, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. परवा भाऊ म्हणाला, ‘‘वही माझी होती. तू तर दारात उभी होतीस.’’ मग इतकी वर्षं मी खोटंच सांगत होते का?

उत्तर : खोटं कसलं! पण भावाचं म्हणणं खरं असू शकतं. (चूक त्याचीही असू शकते, धाकटा-थोरला काही असो, त्याला सूट नाही.) फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना एक परकी लोककथा वाचायला दिली आणि पुढे ती आठवून लिहायला लावली. जे कळलं नव्हतं ते गळालं, आणि उरलेलं ज्याने त्याने आपल्याला पटेल असं जुळवून घेतलं. हे त्याने १९३२ साली प्रसिद्ध केलं.

माझंच बघा. एका बाईंनी माझा निबंध लाल शाईने रंगवला म्हणून मी लिहिण्यात काटेकोर झाले, हे मी वर्गावर्गांतून रंगवून सांगितलं. मग माळा आवरताना ती वही हाती लागली. शाई निळी, खुणा दोन, आणि खाली ‘छान’.

तरी काटेकोरपणा गेला नाही. सवयीला आठवणीचा दाखला लागत नाही. हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना नवं काही लक्षात राहीनासं झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत हात चांगला बसला. हे आपण आधी केलंय याचा मात्र त्यांना पत्ताच नसायचा.

तेव्हा वही कुणाची, हा वाद बाजूला ठेवा. महिनाभर कागदाच्या कडेला पेन्सिलीने टिपून ठेवा : दुसऱ्या बेरजेत किती चुका सापडल्या, तिसरीत किती. तिसरीत काहीच सापडलं नाही, तर ती हिशेबासाठी नव्हे, दारात उभ्या असलेल्या त्या मुलीसाठी चाललीय. मग ठेवायची की सोडायची, ते तुम्ही बघा.

आणि हो, भाऊ बेरीज किती वेळा करतो, तेही विचारून घ्या.