टंडिशमधून थेंब पडतायत, बूच मारू का?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही मागच्या वर्षी इंग्लंडात रेडिंगला घर घेतलं. वरच्या मजल्यावर कपाटात गरम पाण्याचा २१० लिटरचा स्टीलचा सिलिंडर आहे, त्याच्या पाइपला नरसाळ्यासारखं काहीतरी आहे, त्याला टंडिश म्हणतात असं कळलं. गेले १५ दिवस सकाळी पाणी तापायला लागलं की त्यातून थेंब थेंब पडतं आणि तासाभराने आपोआप थांबतं. ऑफिसमधला एक जण म्हणतो व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारून टाक, १० मिनिटांचं काम. प्लंबरचे रेट ऐकून मलाही तेच बरं वाटतंय. मारू का?

उत्तर: अजिबात नाही. आणि मारून झालं असेल तर आधी उठा, बॉयलर आणि इमर्शन (सिलिंडरमधला विजेचा हीटर) दोन्ही बंद करा, मग पुढचं वाचा.

आजीकडचा तांब्याचा बंब आठवतोय ना? पाणी ओतायला वरून तोंड उघडं, त्यामुळे आत कितीही लाकडं घाला, वाफ निघून जाणार, दाब कोंडणारच नाही. इंग्लंडातली जुनी घरंही साधारण तशीच, माळ्यावर टाकी आणि सिलिंडरमधून वर गेलेली उघडी नळी. अनव्हेंटेड, म्हणजे अशी उघडी नळी नसलेल्या बंद सिलिंडरला तिथे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवानगी नव्हती. तुमचा सिलिंडर मात्र थेट मेन्सवर, म्हणजे बाहेरून दाबाने येणाऱ्या पाण्याच्या लाइनवर, आणि चारी बाजूंनी बंद, शॉवरला जोर येतो तो त्यामुळेच.

आता पाणी तापलं की फुगतं. १० अंशाचं २१० लिटर पाणी ६० अंशावर नेलं तर साधारण साडेतीन लिटरने वाढतं, आणि पाणी काही दाबून बसत नाही, मग ते जाणार कुठे? त्यासाठी एकतर बाजूला एक्स्पान्शन वेसल असतं, आत रबरी पडदा आणि पलीकडे हवा, नाहीतर सिलिंडरच्या आतच वरती हवेचा कप्पा असतो. ती हवा कमी झाली की जास्तीचं पाणी ६ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास उघडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. तापताना गळतं आणि नंतर थांबतं, हे त्याचंच लक्षण दिसतंय. म्हणजे बरेचदा नुसती हवा भरायची असते, फारतर वेसल बदलायचं. पाणी गार असतानाही दिवसभर गळत असतं तर मी व्हॉल्व्हच्या सीटमध्ये अडकलेला कचरा किंवा मेन्सचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बघायला सांगितलं असतं.

बुचाचं का नको ते सांगतो. या सिलिंडरला एकामागे एक तीन कुलपं असतात. पहिलं थर्मोस्टॅट, ६० च्या आसपास. तो अडकला तर कट-आउट, ८०-८५ ला हीटिंग तोडतो आणि हाताने रिसेट केल्याशिवाय परत चालू होत नाही. तोही फसला तर टेम्परेचर-प्रेशर व्हॉल्व्ह, ९०-९५ अंशाला किंवा बहुतेक मॉडेलमध्ये ७ बारला उघडतो. कुकरची शिट्टी सगळ्यांना माहितीये, पण झाकणातला तो छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह कोणाच्या लक्षात नसतो, तसाच हा. तुमचा मित्र नेमकं कुठल्या व्हॉल्व्हला बूच मारा म्हणतोय देव जाणे, पण दोन्हीकडून उत्तर एकच. ३ बार दाबाखाली पाणी १४० अंशाच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही, आणि अशा वेळी टाकी फाटली की दाब एकदम उतरतो, त्या पाण्यातला काही भाग क्षणात वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट तरी जागा लागते. तो सिलिंडर कपाटात राहत नाही मग.

कधी टंडिशमधून कढत पाण्याची धारच लागली तर हीटिंग आणि इमर्शनची वीज बंद करा, पण गार पाण्याचा पुरवठा बंद करू नका. आणि माणूस जी-थ्री पात्रतेचाच (अशा बंद सिलिंडरवर काम करायची पात्रता) बोलवा, कार्ड बघायला लाजू नका. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्या, पैशाचं वाईट वाटतं मान्य आहे, मलाही वाटतं.

प्रश्न: ठाण्यात आमच्या १५ लिटरच्या गीझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. प्लंबर म्हणतो व्हॉल्व्ह काढून साधा निप्पल टाकू.

उत्तर: त्या प्लंबरला चहा पाजा आणि घरी पाठवा. गार पाण्याच्या इनलेटवरच्या त्या व्हॉल्व्हमध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, गरम पाणी मागे जात नाही, म्हणून २५ वरून ६० अंशाला तापताना वाढलेलं साधारण २०० मिली पाणी तिथून बाहेर पडतं. एवढंच असेल तर नळी लावून मोरीत सोडा. सारखंच गळत असेल तर बिल्डिंगच्या प्रेशर पंपाचा दाब मोजून घ्या आणि गीझरवर लिहिलेल्या बारशी ताडून बघा, तो जास्त निघाला तर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावा. दाब ठीक असूनही गळत असेल तर व्हॉल्व्हच नवा घ्या, त्याच रेटिंगचा, आणि बदलताना मेन स्विच बंद ठेवा.