शेतातल्या तळ्याच्या मातीच्या बांधावर उगवलेल्या बाभळी-सुबाभळी ठेवाव्यात की काढाव्यात?

काढाच, पण आत्ता तळं भरलेलं असताना मुळासकट उपटू नका. मुळं माती धरून ठेवतात हे ओढ्याच्या काठाला ठीक. पाणी अडवणाऱ्या बांधात झाड वाळलं की मूळ कुजतं आणि त्याच्या जागी आरपार नळी तयार होते. पाणी तिथून वाट काढतं, सोबत माती नेतं, आणि बांध आतून पोखरला जातो. उंदीर-घुशींची बिळंही हेच करतात. (रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २०१९ साली फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांनी ते पोखरल्याचं सांगितलं आणि राज्यभर थट्टा झाली, पण लहान बांधाला बीळ ही चेष्टेची गोष्ट नाही.)

मनगटाएवढी रोपं एप्रिल-मेमध्ये, तळं आटल्यावर, मुळासकट खणून काढा. खड्डा नुसता बुजवू नका: चिकण माती किंचित ओली करून वीतभराच्या थरांनी घाला आणि प्रत्येक थर धुमसाने ठोका. वर हरळी लावा, तिची बहुतेक मुळं वरच्या थरात राहतात. सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या) तोंडातली झुडपंही त्याच वेळी साफ करा. ती वाट तुंबून पाणी बांधावरून वाहिलं तर मातीचा बांध टिकत नाही.

मात्र झाड जुनं, जाड बुंध्याचं असेल, किंवा खालच्या अंगाला पायथ्याशी ओल दिसत असेल तर स्वतः खणू नका, आधी जलसंधारणाच्या अभियंत्याला दाखवा. पाझर नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ झाला तर त्याच दिवशी तळ्यातली पातळी उतरवायला घ्या आणि खालच्या वस्तीला कळवा.