रायफलीसाठी रिफ्लेक्स की होलोग्राफिक साइट?

प्रश्न : माझ्याकडे पॉइंट टू-टूची रायफल असून २५ आणि ५० मीटरवरच्या लोखंडी तबकड्यांवर झटपट नेम धरण्याचा सराव मी करतो. वय ४६ आहे. मागची खाच, पुढची माशी आणि तबकडी या तिन्ही गोष्टी आता एकदम स्पष्ट दिसत नाहीत. चष्म्याला सिलिंडर नंबरही आहे. सोबतचे एक नेमबाज होलोग्राफिक साइटचाच आग्रह धरतात, तर दुसरे म्हणतात की रिफ्लेक्स पुरेशी आहे. मी कोणती घ्यावी?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘सिलिंडर’ हा आहे, कारण या निवडीत साइटच्या, म्हणजे नेम धरण्यासाठी रायफलीवर बसवायच्या साधनाच्या, प्रकाराआधी डोळ्याचा विचार करावा लागतो. मात्र त्यासाठी दोन्ही साइट कशा चालतात हे थोडक्यात पाहू.

रिफ्लेक्स साइटमध्ये एका लहानशा लाल एलईडीचा प्रकाश वक्र काचेवर पडतो. त्या काचेवरचा थर त्या लाल रंगापुरता आरशासारखा वागतो आणि बाकीचा बहुतेक प्रकाश आरपार जाऊ देतो. परतलेले किरण समांतर होऊन डोळ्यात शिरत असल्यामुळे ठिपका काचेवर नव्हे, तर फार दूरवर असल्यासारखा दिसतो. म्हणून नजर लक्ष्यावरच ठेवायची असते, आणि खाच, माशी, तबकडी यांचा तुमचा मूळ प्रश्न दोन्ही प्रकारांत सारखाच सुटतो. ही कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली आणि स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये तिला विजेच्या ठिपक्याची जोड दिली. १९९० च्या दशकात बाजारात आलेल्या होलोग्राफिक साइटमध्ये मात्र वर्तुळ आणि ठिपका यांची आकृती काचेतच होलोग्रामच्या रूपात नोंदवलेली असते व लेसरचा प्रकाश पडताच ती उभी राहते. होलोग्रामच्या प्रत्येक भागात संपूर्ण आकृतीची माहिती असल्यामुळे काचेचा काही भाग चिखलाने झाकला गेला, तरी उरलेल्या भागातून आकृती दिसत राहते.

आता डोळ्याकडे वळू. सिलिंडर नंबर (अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे बुबुळाच्या असमान वक्रतेमुळे येणारा दृष्टिदोष) असलेल्या डोळ्याला एलईडीचा गोल ठिपका स्वल्पविरामासारखा, फुटलेल्या ताऱ्यासारखा किंवा दोन ठिपके चिकटल्यासारखा दिसू शकतो. होलोग्राफिक आकृती काहींना त्याहून बरी दिसते, म्हणून होलोग्राफिकचा आग्रह धरणाऱ्या तुमच्या सोबत्यांचा सल्ला निराधार नाही. पण तो प्रत्येक डोळ्याला लागू पडत नाही. दुकानात किंवा मित्राच्या रायफलीवर, दूरचा नंबर अचूक असलेला चष्मा लावून पाहा. ठिपका दूर भासत असल्याने वाचनाचा चष्मा येथे उपयोगाचा नाही. मग साइट डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवा. ठिपक्याची शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष साइटचा, आणि ती जागेवरच राहिली तर डोळ्याचा. ही चाचणी केल्याविना कोणाच्याही सांगण्यावरून खरेदी करू नये, असे माझे ठाम मत आहे. ठिपक्याची तीव्रता कमी केल्यानेही फुटणे बरेच आटोक्यात येते. अनेक जण ती गरजेपेक्षा जास्त ठेवतात आणि मग साइटला नावे ठेवतात.

ठिपक्याच्या आकाराचा हिशेब सोपा आहे. १ एमओए (मिनिट ऑफ अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, त्यामुळे रिफ्लेक्समधला नेहमीचा २ एमओएचा ठिपका ५० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर भाग झाकतो. तबकडीसाठी हे मुळीच अडचणीचे नाही. पण आंतरराष्ट्रीय ५० मीटर रायफलच्या कागदी लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे होलोग्राफिकचा १ एमओएचा ठिपकाही ते पूर्ण झाकून टाकतो. त्या शिस्तीच्या स्पर्धांत या दोन्ही साइटना परवानगीही नाही. होलोग्राफिकमधले ६८ एमओएचे प्रसिद्ध वर्तुळ ५० मीटरवर जवळपास एक मीटर व्यासाचे होते; घाईत नजर मध्यावर आणण्यासाठी त्याचा खरोखर उपयोग होतो.

बॅटरीच्या बाबतीत तुलनाच होत नाही. लेसर जास्त वीज खातो, म्हणून होलोग्राफिक साइट मॉडेलनुसार साधारण ६०० ते १,५०० तास चालते, तर चांगली रिफ्लेक्स साइट ५०,००० तास, म्हणजे सतत सुरू ठेवूनही पाच वर्षांहून अधिक काळ. शिवाय तापमान बदलले की लेसरची तरंगलांबी सरकते व होलोग्राम प्रकाश किंचित वेगळ्या कोनात वळवतो. ते सावरण्यासाठी आत प्रकाश वळवणारी, सूक्ष्म रेषांची आणखी एक जाळी बसवावी लागते. ही गुंतागुंत किमतीतही उतरते.

सराव तबकड्यांचा आणि पल्ला ५० मीटरपर्यंतचा असल्यामुळे, वरील चाचणीत ठिपका सुसह्य दिसल्यास मी तुम्हाला बंद घडणीची रिफ्लेक्स साइट सुचवेन. उघड्या घडणीत एलईडी आणि काच यांच्यामध्ये पावसाचा एक थेंब अडकला, तरी ठिपका नाहीसा होऊ शकतो. ठिपका चष्म्यासह आणि मंद तीव्रतेवरही फुटलेलाच दिसला, आणि होलोग्राफिक आकृती मात्र तुमच्या डोळ्याला स्वच्छ दिसली, तर जास्तीचा खर्च योग्य ठरेल.

प्रश्न : माझ्या साइटवर ‘पॅरॅलॅक्स-मुक्त’ असे लिहिले आहे, तरी डोके हलवले की ठिपका लक्ष्यावरून सरकतो. साइट सदोष आहे का?

उत्तर : पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा हलल्यावर ठिपका लक्ष्यावरून सरकलेला दिसणे. थोडे सरकणे स्वाभाविक आहे. किरण अगदी समांतर असले, तरी डोळा एक सेंटिमीटर बाजूला गेल्यास नेमही तेवढाच, एक सेंटिमीटर सरकतो, आणि हे प्रत्येक अंतरावर सारखेच घडते. रायफल पक्क्या आधारावर ठेवून, ती न हलवता डोके एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्या. ५० मीटरवर ठिपका काचेच्या रुंदीइतकाच सरकत असेल, तर साइट ठीक आहे. त्याहून बराच जास्त सरकत असेल, तर ती विक्रेत्याकडे तपासणीला द्यावी. तोवर ठिपका काचेच्या मध्याजवळ ठेवून नेम धरावा.