एफडी मोडून ब्लू-रे? आधी टेप वाचवा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमानांनी २००८ ते २०१३ या काळात एचडीव्ही कॅमेऱ्यावर (छोट्या टेपवर एचडी चित्रण करणाऱ्या) भरलेल्या तासातासाच्या ३६ टेप, दुकानदाराचं ७५ हजारांचं कोटेशन, बचत खात्यात ४० हजार आणि मार्चमध्ये मुदत संपणारी २ लाखांची एफडी. ती आत्ताच मोडून सगळं ब्लू-रे डिस्कवर करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. एफडी मोडू नका. पण टेपचं काम मार्चपर्यंत लांबवूही नका.

कोटेशनमध्ये टेप संगणकावर उतरवायचे १८ हजार, डिस्कच्या दोन संचांचे २२ हजार आणि रायटर-प्लेअरचे ३५ हजार आहेत. यातले तातडीचे फक्त पहिले १८ हजार. टेपला दमट हवेत बुरशी धरते, आणि ती चालवणारे कॅमेरे आता नवे बनत नाहीत. उतरवायलाही टेपमागे पूर्ण एक तास लागतो, घाई करून चालत नाही.

तासाभराच्या एचडीव्हीला साधारण ११ ते १२ जीबी लागतात, म्हणजे २५ जीबीच्या ब्लू-रेवर जेमतेम दोन टेप. एका संचाला १८ डिस्क झाल्या. तुमच्या सगळ्या टेप मात्र १ टीबीच्या एकाच हार्ड डिस्कवर मावतात आणि निम्मी जागा उरते. दुकानदाराने अशा दोन डिस्कचे १२ हजार सांगितलेत, त्या घ्या. एक तुमच्याकडे, दुसरी लेकीकडे. हे ३० हजार बचत खात्यातून जातील. मुदतीआधी एफडी मोडली तर बँक व्याज कापते, ते वाचेल.

३५ हजारांच्या यंत्रांवर माझी स्पष्ट फुली. २००८ मध्ये तोशिबाने ब्लू-रेची स्पर्धक असलेली एचडी डीव्हीडी सोडली, तेव्हा ते प्लेअर घेतलेले लोक अडकले. ब्लू-रे टिकली खरी, पण पॅनासॉनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. मार्चनंतर वाटलं तर तिसरी प्रत म्हणून एक संच दुकानातूनच करून घ्या, म्हणजे रायटर लागणार नाही. तो एलटीएच प्रकारातला नको, त्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो, तो काळानुसार खराब होऊ शकतो. माझ्या बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी अशाच थराची होती. तेरा वर्षांनी लावली, तर वर एक ओरखडा नसताना हळदीला चित्र गोठलं. आजी हात पुढे करून तशीच थांबली. दुसरी प्रत नव्हती.

‘डीव्हीडीवर स्वस्तात करून देतो’ म्हणाले तरी नको. तिथे १४४० × १०८० चं चित्र ७२० × ५७६ वर येतं.

टेप देण्याआधी प्रत्येकीच्या कडेची छोटी खिट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. आधी एकच टेप द्या. टेपवर आहे तशी, पुन्हा न दाबलेली (म्हणजे आकार कमी न केलेली) एम२टी फाइल मागा आणि लेकीच्या संगणकावर पूर्ण तासभर बघा. चित्रात ठोकळे दिसले नाहीत आणि आवाज तुटला नाही, तरच उरलेल्या ३५ त्यांच्या हाती द्या.